'पिन'चं 'बिन' का ऐकू येतं? इंग्रजी ध्वनी आणि तोंडातली प्रत्यक्ष हालचाल

नादलहरी

इंग्रजी ध्वनींच्या तक्त्यात 'पी'चं वर्णन ओष्ठ्य (ओठांनी होणारा), अघोष (स्वरतंतूंच्या कंपाशिवाय), स्पर्श (वाट पूर्ण बंद करून सोडलेला) असं केलेलं असतं. मराठी 'प'चं वर्णनही शब्दशः हेच. तरीही मराठी वळणाने 'पिन' म्हटलं की इंग्रजीभाषक श्रोत्याला पुष्कळदा 'बिन' ऐकू येतं, आणि बोललेलं लिहून देणारी सॉफ्टवेअरही तीच गफलत करतात. 'व्हाइन' (वेल) आणि 'वाइन' यांचीही अशीच सरमिसळ होते. 'शिप' आणि 'शीप'मध्ये ह्रस्व-दीर्घ नीट सांभाळूनसुद्धा फरक पोचत नाही.

म्हणजे तक्त्यातली नावं पुरत नाहीत. तोंडात आणि घशात नेमकं काय वेगळं घडतं, आणि कानाला ऐकू येणाऱ्या आवाजाशी त्याचा संबंध कसा लागतो, हे जाणकारांनी सांगावं. शिकवण्यासाठी हवंय. त्यामुळे "ऐकून ऐकून जमेल" यापेक्षा जीभ कुठे, ओठ कुठे, हवा किती, अशा भाषेत उत्तर मिळालं तर फार उपयोग होईल.

कंठरव

तक्ता बरोबरच आहे, पण त्यात वेळ दिसत नाही. सगळी गोम तिथेच आहे.

'ब', 'प' आणि इंग्रजी 'पी' या तिन्हींत ओठ मिटतात, मागे हवेचा दाब साठतो आणि ओठ सुटतात. फरक पडतो तो ओठ कधी सुटतात आणि स्वरतंतू कधी थरथरायला लागतात, यांतल्या अंतराने. मराठी 'ब'मध्ये ओठ मिटलेले असतानाच कंप सुरू झालेला असतो. मराठी 'प'मध्ये ओठ सुटले की जवळजवळ लगेच कंप सुरू होतो. इंग्रजी 'पी'मध्ये मात्र शब्दाच्या सुरुवातीला ओठ सुटले तरी स्वरतंतू एकमेकांपासून लांबच असतात. मधल्या वेळात नुसती हवा खसखसत बाहेर पडते आणि मग कंप सुरू होतो.

लिस्कर आणि अब्रॅमसन या ध्वनिअभ्यासकांनी १९६४ साली अकरा भाषांमध्ये हे अंतर मोजलं. त्या अकरांत इंग्रजीबरोबर मराठीही होती. इंग्रजीची त्यांनी दिलेली सरासरी अशी: 'पी' ५८, 'टी' ७० आणि 'के' ८० मिलिसेकंद. आता इंग्रजी 'बी' बघा. बरेच इंग्रजीभाषक शब्दारंभी त्यात आगाऊ कंप घालतच नाहीत. अशा उच्चारांत 'बी'चं अंतर जेमतेम १ मिलिसेकंद, 'डी'चं ५ आणि 'गो'मधल्या 'जी'चं २१ भरलं. थोडक्यात, इंग्रजी 'बी' मोजमापाने आपल्या 'प'च्या शेजारी येऊन बसतो. इंग्रजी कान पी-बीची सीमा साधारण २५ मिलिसेकंदांवर धरतो. आपला 'प' त्या सीमेच्या अलीकडे पडतो, म्हणून 'पिन'चं 'बिन' होतं. ऐकणाऱ्याचं लक्ष नव्हतं असं त्यात काही नसतं.

पडताळा हवा असेल तर एखाद्या इंग्रजीभाषकाचं 'स्पिन' ध्वनिमुद्रित करा आणि सुरुवातीचा 'स' कापून टाका. उरलेला तुकडा इंग्रजीभाषकांनाही 'बिन'च ऐकू येतो. कारण 'एस'नंतर येणाऱ्या 'पी', 'टी', 'के'मध्ये हा हवेचा झोत नसतो. 'स्पिन', 'स्टॉप', 'स्काय' या शब्दांत मराठी वळणाचा अल्पप्राण (हवेच्या झोताशिवायचा) उच्चार अगदी बरोबर असतो, तिथे काही बदलू नका.

सराव असा करा. साधारण १५ सेंमी लांब, २ सेंमी रुंद अशी पातळ कागदाची पट्टी वरच्या टोकाला धरून ओठांपुढे ५ सेंमीवर लोंबती ठेवा. 'स्पिन' म्हणा, पट्टी जेमतेम हलली पाहिजे. मग 'पिन' म्हणा, पट्टी झटकन पुढे उडाली पाहिजे. उडत नसेल तर 'प्' आणि 'इन' यांच्यामध्ये मुद्दाम एक छोटा, घोष नसलेला 'ह' सोडा. ओठ जास्त जोरात दाबून उपयोग नाही. त्याने आवाज मोठा होतो, पण अंतर वाढत नाही. काम घशात आहे: स्वरतंतू उशिरा जवळ आले पाहिजेत.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे 'पी'साठी 'फ' वापरणं. आज बहुतेकांचा 'फ' वरचे दात खालच्या ओठावर टेकवून, घासून निघतो. त्यामुळे 'पिन' सुधारायला जावं आणि 'फिन' ऐकू यावं, असं होतं. दोन्ही ओठ पूर्ण मिटलेच पाहिजेत. 'के'साठी 'ख' बऱ्यापैकी चालतो, 'टी'साठी 'ठ'.

हा झोत शब्दाच्या आघात असलेल्या अवयवातच (सिलॅबलमध्येच) ठळक असतो. 'पेपर'मधला पहिला 'पी' मोठा, दुसरा बराच फिका. दोन्हींत सारखा जोर लावला की बोलणं ताठर वाटतं. 'प्ले', 'क्वीन' अशा जोडाक्षरांत झोत पुढच्या व्यंजनावर सांडतो. 'प्ले'मधल्या 'एल'चा बराचसा भाग अघोष होतो, म्हणून 'प्' आणि 'ले' यांच्यामध्ये वेगळा 'ह' घालू नका.

शब्दाच्या शेवटी हिशोब आणखी वेगळा. 'कॅप' आणि 'कॅब' यांतला फरक शेवटच्या व्यंजनापेक्षा आधीच्या स्वरात जास्त असतो. घोष व्यंजनापूर्वीचा स्वर अघोषापूर्वीच्या स्वराच्या साधारण दीडपट लांब असतो. इंग्रजीभाषक शेवटचा 'बी' अर्धवट अघोषच करतात, कधी ओठ सोडतही नाहीत. 'बीट' आणि 'बीड' (मणी), 'बॅक' आणि 'बॅग' या जोड्या म्हणताना स्वर ताणा आणि आखडा. शेवटच्या 'ग'ला अकाराचं शेपूट लावून 'बॅगऽ' म्हणू नका, त्याने नुसताच एक जादा अवयव तयार होतो.

दंतमूल

वेळेबद्दल कंठरव यांनी लिहिलंय त्याच्याशी पूर्ण सहमत. पण 'टी'साठी 'ठ' ही सूचना मी तरी देणार नाही. 'ठ'मध्ये जिभेचा शेंडा मागे वळून टाळूला लागतो. इंग्रजी 'टी'ची जागा वरच्या पुढच्या दातांच्या लगेच मागची हिरडीची उंचवटी आहे. 'त' म्हणा, जीभ दातांना लागेल. 'ट' म्हणा, ती उंचवटीच्या मागे जाईल. 'टी' या दोहोंच्या मध्ये. जिभेने दातांपासून मागे चाचपत जा, जिथे हिरडी संपून चढ सुरू होतो तिथे शेंडा सरळ टेकवा, वळवू नका. मूर्धन्य 'ट' वापरला तर अर्थाचा घोटाळा क्वचितच होतो, पण आधीचा स्वरही मागे ओढला जातो आणि सगळं वाक्य जड वाटतं.

माझा मुख्य मुद्दा मात्र घर्षणाचा. 'व्ही', 'झेड' आणि 'टीएच' या तिन्हींवर मराठी माणूस एकाच कारणाने अडतो. इंग्रजीत हे संघर्षी ध्वनी आहेत. वाट पूर्ण बंद होत नाही, फट राहते आणि हवा तिथून घासत जाते. आपण त्यांच्या जागी एकतर वाट पूर्ण बंद करतो किंवा जास्तच मोकळी सोडतो. कसोटी सोपी: ध्वनी तीन सेकंद सलग लांबवता येतो का? 'थ' लांबवता येत नाही, तो फुटून संपतो. 'थिन'मधला इंग्रजी ध्वनी श्वास पुरेल तितका वेळ चालतो.

'टीएच'साठी जिभेचा शेंडा वरच्या दातांच्या धारेला अगदी हलका टेकवा. दोन-तीन मिलिमीटर बाहेर दिसला तरी चालेल, चावायची गरज नाही. हवा जीभ आणि दात यांच्यामधून पसरट जाऊ द्या. तीन सेकंद धरा, मग जीभ सावकाश मागे घेत 'इन' जोडा. बिघडतं ते या शेवटच्या पायरीवर. स्वराकडे जाताना जीभ सवयीने दातांवर दाबली जाते आणि मध्येच 'थ' फुटतो. 'देन', 'दिस'मधला ध्वनी हाच, फक्त कंठातला कंप चालू. कंठमण्यावर दोन बोटं ठेवून, जीभ न हलवता कंप चालू-बंद करा.

'झेड'साठी 'झ' वापरणं ही सर्वात मुरलेली सवय. 'झाड'मधल्या 'झ'ची सुरुवात पूर्ण बंदाने होते, शिवाय तो महाप्राण, म्हणजे हवेच्या झोतासह. 'जागा'मधला 'ज' बराच जवळचा, पण त्यालाही सुरुवातीला छोटा बंद आहेच. दोन्हींना बाजूला ठेवा आणि 'स'पासून निघा: 'सssss' लांबवत असताना मध्येच कंठातला कंप सुरू करा. जीभ तसूभरही हलायला नको. जे निघेल तो 'झेड'. कंप असताना स्वरतंतूंमधून हवा कमी जाते, म्हणून सीत्कार 'स'पेक्षा मऊ लागतो. तो 'स'इतका तीक्ष्ण करायला गेलात तर कंप बंद पडेल. याच पद्धतीने 'श'वर कंप घातला की 'व्हिजन', 'मेझर' यांच्या मधला ध्वनी मिळतो. त्याला मराठीत वेगळं अक्षर नसल्यामुळे कुणी 'ज' लिहितो, कुणी 'झ', आणि उच्चारही लिहिण्यामागून जातो.

नादलहरी

दोघांचेही आभार. 'स'वरून 'झेड' ही वाट फारच सोयीची आहे. 'व्ही' आणि 'डब्ल्यू'साठी असं काही आहे का? मराठीत लिहिताना 'व्ही'साठी 'व्ह' लिहितात, तो उच्चारात चालतो का?

दंतमूल

'व्ह' उच्चारात आणू नका. तिथे आपण 'व' आणि 'ह' मिळून महाप्राण 'व' म्हणतो. त्यात हवा जास्त असते, पण ओठ-दातांचं घर्षण नसतंच. आपला 'व' असा: खालचा ओठ वरच्या दातांच्या जवळ येतो आणि न घासता निघून जातो. त्यात 'व्ही'चं घर्षण नाही आणि 'डब्ल्यू'चा गोल ओठही नाही. म्हणून श्रोत्याला 'व्ही' अपेक्षित असेल तिथे 'डब्ल्यू' ऐकू येतो आणि 'डब्ल्यू' अपेक्षित असेल तिथे 'व्ही'.

'व्ही'कडे जायची वाट 'फ'वरून आहे. कंठरव यांनी 'फ' दातांवर घासला जातो असं वर म्हटलंय, तीच सवय इथे कामाला येते. 'फssss' लांबवा, ओठ तसाच ठेवून कंठात कंप सुरू करा. खालच्या ओठाच्या आतल्या कडेला गुदगुल्या झाल्यासारखं वाटलं पाहिजे. वाटत नसेल तर ओठ दातांपासून सुटलाय.

'डब्ल्यू'ची वाट 'ऊ'वरून. ओठ गोल करून पुढे काढा, जिभेची मागची बाजू मऊ टाळूकडे उचललेली असू द्या आणि तिथून थेट पुढच्या स्वरावर जा: 'ऊ-आइन' भरभर म्हटलं की 'वाइन'. दातांचा काही संबंध नाही. आरसा समोर धरा. 'व्ही'त वरच्या दातांची धार खालच्या ओठावर टेकलेली दिसेल, 'डब्ल्यू'त ओठांचं छोटं गोल भोक दिसेल.

सरावाला 'वेव्ह' (लाट) हा शब्द उत्तम. सुरुवात गोल ओठांनी, शेवट दातांवर. आरशात दोन्ही आकार एकामागून एक दिसेपर्यंत सावकाश म्हणा. शेवटी 'व्ही' धरून ठेवा, त्याला अकार लावू नका.

अनुनाद

स्वरांकडे अजून कुणी वळलं नाही, म्हणून लिहितो. आवाज आणि तोंडाचा आकार यांचं नातं सर्वात स्वच्छ दिसतं ते स्वरांतच.

स्वरतंतूंपासून ओठांपर्यंतची वाट प्रौढ पुरुषात सुमारे १७ सेंमी. एका टोकाला बंद, दुसऱ्या टोकाला उघडी अशी सरळ नळी धरली तर तिचा पहिला अनुनाद तरंगलांबीच्या चौथ्या हिश्श्यावर येतो. आवाजाचा वेग सेकंदाला ३५० मीटर धरला तर ३५० भागिले ०.६८, म्हणजे साधारण ५०० हर्ट्झ. पुढचे त्याच्या तिप्पट आणि पाचपट: १५०० आणि २५००. 'अबाउट'मधला पहिला, सैल 'अ' याच्या जवळपास बसतो. बाकीचे स्वर म्हणजे जीभ, जबडा आणि ओठ यांनी ही नळी कुठे आवळायची, कुठे फुगवायची याचा खेळ. स्वरतंतू फक्त मूळ नाद देतात. 'ई' आणि 'आ' एकाच पट्टीत म्हटले तरी वेगळे ऐकू येतात ते या अनुनादांमुळे, ज्यांना फॉर्मंट म्हणतात. ध्वनिशास्त्रज्ञ गुन्नार फान्ट यांनी १९६० साली हा सिद्धांत सविस्तर मांडला.

लक्षात ठेवायला दोन गोष्टी पुरतात. जीभ-जबडा खाली गेला की पहिला फॉर्मंट चढतो. जीभ पुढे गेली की दुसरा चढतो, मागे गेली किंवा ओठ गोल झाले की उतरतो.

आता 'शिप' आणि 'शीप'. पीटरसन आणि बार्नी या संशोधकांनी १९५२ साली अमेरिकन इंग्रजीचे दहा स्वर मोजले. पुरुषांच्या सरासरीत 'शीप'च्या स्वराचे पहिले दोन फॉर्मंट २७० आणि २२९०, तर 'शिप'च्या स्वराचे ३९० आणि १९९०. म्हणजे 'शिप'मध्ये जीभ खाली आणि थोडी मागे. हा जागेचा फरक आहे, लांबीचा नंतर. वर कंठरव यांनी सांगितलेला दीडपटीचा नियम इथे लावून बघा: 'बिड'मधला तथाकथित ह्रस्व स्वर 'बीट'मधल्या दीर्घाइतका लांब असू शकतो. म्हणून नुसतं ह्रस्व-दीर्घ सांभाळून फरक पोचत नाही. मराठीत इ-ई लिहिताना वेगळे असले तरी बोलताना जिभेची जागा जवळपास तीच राहते, आणि तीच सवय इंग्रजीत शिरते.

कृती: 'ई' लांबवा. आवाज न थांबवता जबडा किंचित सैल सोडा आणि 'ए'च्या दिशेने सरका. 'ए' यायच्या आत, साधारण अर्ध्या वाटेवर थांबा. ओठांचे कोपरे ताणलेले नकोत. तिथला स्वर 'शिप'चा. पुढे 'ए'पर्यंत गेलात तर 'शेप' होईल.

'पूल' (तलाव) आणि 'पुल' (ओढणे) यांचं तंत्र हेच: दुसऱ्यात जीभ खाली, ओठ कमी गोल. 'बेट' आणि 'बॅट'मध्ये पहिला फॉर्मंट ५३० वरून ६६० वर जातो, म्हणजे जबडा चांगला उघडायचा. मराठीत 'ॲ' आता रुळलाय, त्यामुळे तिथे फारसं अडत नाही.

'से', 'गो', 'गेट' यांचा स्वर मात्र बघायला हवा. इंग्रजीच्या बऱ्याच प्रकारांत हे स्वर सरकते आहेत: 'ए'पासून 'इ'कडे, 'ओ'पासून 'उ'कडे. मराठी 'ए' एका जागी स्थिर. त्यामुळे लेखणीचा 'पेन' आणि वेदनेचा 'पेन' आपल्याकडे एकच होतात. लेखणीला जबडा थोडा जास्त उघडा, स्वर आखूड आणि स्थिर. वेदनेला शेवटी जीभ वर सरकवा, 'पेइन' असं जवळजवळ ऐकू येईपर्यंत.

मृदुतालू

तीन राहिलेल्या गोष्टी, थोडक्यात.

इंग्रजी 'आर'मध्ये जीभ टाळूला लागतच नाही. आपला 'र' एका टपलीचा, म्हणून 'रेड' म्हणताना सुरुवातीला खडखड ऐकू येते. जिभेच्या दोन्ही कडा वरच्या दाढांना टेकवा, शेंडा हवेत ठेवा, ओठ किंचित गोल करा. काही इंग्रजीभाषक शेंडा वर उचलतात, काही जिभेचा मधला भाग फुगवतात, आवाज सारखाच येतो. दोन्हींत तिसरा फॉर्मंट खाली येतो. अनुनाद यांनी दिलेल्या १९५२च्या मोजणीत 'बर्ड'च्या स्वराला तो १६९० आहे, इतर बहुतेक स्वरांना २२०० च्या वर. गंमत अशी की आपली टपली अमेरिकन बोलण्यात वाया जात नाही: 'वॉटर', 'लॅडर' यांच्या मधला 'टी' किंवा 'डी' तिथे जवळपास मराठी 'र'सारखाच एका टपलीने म्हणतात.

'फील', 'मिल्क' यांतला 'एल' अनेक बोलींत गडद असतो: शेंडा हिरडीवर आणि त्याच वेळी जिभेची मागची बाजू मऊ टाळूकडे उचललेली. इथे 'ळ' लावू नका, त्यात शेंडा मागे वळतो आणि जागाच चुकते. 'ल' म्हणताना पाठीमागे हलका 'उ' धरला की जमतं.

'सिंग'च्या शेवटी 'ग' नाही. जिभेची मागची बाजू मऊ टाळूला लागते, हवा नाकातून जाते आणि तिथेच संपतं. नाक चिमटीत धरून बघा: शेवटचा ध्वनी लगेच अडला तर बरोबर. शेवटी तोंडातून स्फोट आला तर 'ग' घुसलाय. बहुतेक प्रमाण बोलींत 'सिंगर'मध्येही 'ग' नसतो, 'फिंगर'मध्ये असतो.

नादलहरी

'पिन'ची सुधारणा मोजून दाखवता आली तर शिकणाऱ्याला पटेल. त्यासाठी काय लागेल?

कंठरव

संगणक, साधा माइक आणि प्राट हे मोफत सॉफ्टवेअर. ॲम्स्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बोएर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी ते बनवलंय.

माइक तोंडापासून १५ ते २० सेंमीवर, पण समोर नको, ओठांच्या कोपऱ्याच्या बाजूला ठेवा. समोर ठेवला तर हवेचा झोत थेट माइकवर आदळतो आणि मोजायचा भागच धपकन आवाजाखाली झाकला जातो. एकच चॅनेल, ४४१०० हर्ट्झ. 'पिन' आणि 'बिन' प्रत्येकी पाच वेळा, आलटून पालटून म्हणायला लावा. सलग पाच वेळा तोच शब्द म्हटला की यादी वाचल्यासारखा सूर लागतो.

प्राटमध्ये ध्वनी उघडून सुरुवातीचा २०० मिलिसेकंदांचा तुकडा मोठा करा. ओठ सुटतात तिथे तरंगात एक अचानक उसळी दिसते, खालच्या चित्रात (स्पेक्ट्रोग्राममध्ये, म्हणजे कोणत्या वारंवारतेला किती जोर आहे ते दाखवणाऱ्या आलेखात) एक बारीक उभी रेघ. तिथून उजवीकडे अनियमित खरखर, आणि मग सारख्या अंतराने येणाऱ्या लाटा सुरू होतात. उसळीपासून पहिल्या नियमित लाटेपर्यंतचा भाग निवडा, वेळ वरच दिसते. 'पिन'चे पाचही आकडे ४० च्या वर आणि 'बिन'चे २० च्या खाली किंवा उणे असतील तर श्रोत्याची गल्लत होणार नाही. उसळीच्या आधीच छोट्या नियमित लाटा दिसल्या तर तो आगाऊ कंप. 'बिन'मध्ये तो असला तरी बिघडत नाही, इंग्रजी कानाला तो 'बी'च वाटतो. त्यामुळे मराठी 'ब' बदलायच्या मागे लागू नका, मेहनत 'पी'वर घ्या.

स्वर मोजायचे झाले तर फॉर्मंटची कमाल मर्यादा पुरुष आवाजाला ५००० आणि स्त्री आवाजाला ५५०० हर्ट्झ ठेवा. ही मर्यादा चुकली तर दोन फॉर्मंट एकात मिसळतात किंवा नसलेला मध्येच उगवतो आणि आकडे भलतेच येतात. माप स्वराच्या मधोमध घ्या, कडांना शेजारच्या व्यंजनाचा ओढा असतो. आणि १९५२चे पुरुषांचे आकडे स्त्री किंवा मुलाच्या आवाजाला लावू नका. त्यांची नळी आखूड असल्याने सगळेच फॉर्मंट वर सरकतात. एकाच माणसाचे 'शिप' आणि 'शीप' एकमेकांशी ताडून बघा.